पालीचा जन्मदाखला

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा आमच्या घरात पाली परागंदा होण्याचा आठवडा असतो. वर्षभर ज्या फळीमागे, तसबिरीमागे आणि घड्याळामागे त्या बिनभाड्याने राहतात, त्या साऱ्या वस्तू एकेक करून भिंतीवरून खाली उतरतात. आमची सौभाग्यवती पदर खोचून, केरसुणी उगारून उभी राहते. आणि मग घरात जो हलकल्लोळ माजतो त्याचे वर्णन करायला माझी लेखणी असमर्थ आहे. गेल्या वर्षी ह्या हलकल्लोळाच्या ऐन भरात माझा भाचा दारात उभा राहिला. तो जपानात नागोया शहरी एका कारखान्यात इंजिनिअर आहे. चार वर्षांनी दिवाळीला घरी आला होता. घड्याळामागची पाल शेपटीचा तुकडा जमिनीवर वळवळत ठेवून छताकडे पळाली आणि केरसुणी तिच्या मागे निघाली, तसा तो ओरडला,

"मामी, मारू नका हो तिला! जपानात हिला घराची राखणदार म्हणतात."

"मग घेऊन जा तुझ्या जपानात," मामी म्हणाली. "इथली राखण करायला मी आहे."

पाल वाचली. संध्याकाळी फराळाला बसल्यावर भाच्याने तिकडच्या पालीची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी बशी खाली ठेवताठेवता तो सहज बोलून गेला, "पण मामा, गंमत अशी की ती पाल मुळात जपानची नाहीच. चीनमधून आलेली आहे. आता ते शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. आणि तरीही काही प्रांतांनी तिचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालून ठेवलंय. परक्या जनावराला कशाला हवं संरक्षण? काढून टाकायला हवं ते नाव."

बैठकीतल्या सर्वांनी माना डोलावल्या. शेजारचे निवृत्त मामलेदार "अगदी बरोबर" म्हणाले. मला ते बोलणे मुळीच पटले नव्हते. पण त्या क्षणी माझ्या तोंडात चकली होती, आणि चकली संपेपर्यंत विषय शेअर बाजारावर गेला होता. ते उत्तर माझ्या घशात वर्षभर अडकून राहिले आहे. संपादकांनी ह्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून पत्र पाठवले, तेव्हा मी ठरवले की कथा पुढच्या वर्षी. ह्या वर्षी भाच्याला उत्तर.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस नव्हे. एका लहान शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नाही. परंतु 'मूळचा कोण आणि उपरा कोण' हा प्रश्न काही प्राणिशास्त्राने उत्पन्न केलेला नाही. तो आपण उत्पन्न केला आणि मग पालीच्या गळ्यात बांधला. तेव्हा त्यावर बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्यालाही आहे, असे मी समजतो.

प्रथम हकीकत. जपानातली ही घरपाल शेपटीसकट १० ते १४ सेंटिमीटर लांब, राखाडी रंगाची, रात्री हिंडणारी. तिच्या डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या नाहीत, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. एका वेळी दोन अंडी घालते आणि ती भिंतीच्या किंवा वाशाच्या फटीत चिकटवून ठेवते. दिव्याभोवती जमणारे पतंग, डास, किडे हे तिचे अन्न. तिथले लोक तिला 'यामोरी' म्हणतात. 'या' म्हणजे घर आणि 'मोरी' म्हणजे राखणारा. आमच्याकडे मोरीत पाल असते, त्यांच्याकडे पालीतच मोरी आहे! तिचीच जोडीदारीण म्हणावी अशी 'इमोरी', म्हणजे विहिरीची राखणदार. ती मात्र पाल नव्हे, पाण्यात राहणारी, बेडकाच्या दूरच्या गोतातली आणि लाल पोटाची. घराला एक राखणदार, विहिरीला एक राखणदार, अशी ही जुन्या संसाराची व्यवस्था.

तिचे शास्त्रीय नाव 'गेको जॅपोनिकस', म्हणजे सरळ 'जपानी पाल'. हे नाव पडले त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. जपानचे दरवाजे जेव्हा बाहेरच्या जगाला बंद होते, तेव्हा नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर डच व्यापाऱ्यांना तेवढी राहण्याची मुभा होती. १८२३ साली त्या वखारीवर फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर आला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जपानी झाडे, पक्षी, साप, सरडे असे जे मिळेल ते गोळा करून हॉलंडात लायडनच्या संग्रहालयाकडे धाडले. देशाचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून सीबोल्टला १८२९ साली जपानातून हद्दपार व्हावे लागले; पण त्याचा संग्रह लायडनला सुखरूप होता. तिथे हेर्मान श्लेगेल ह्या पंडिताने प्राण्यांची नावे लावली, आणि १८३६ साली ह्या पालीला 'जॅपोनिकस' हे नाव मिळाले. म्हणजे परदेशातून आलेल्या पालीला, परदेशी डॉक्टरांच्या वखारीच्या वाटेने, परदेशी पंडिताकडून 'जपानी' असा दाखला मिळाला! असो.

दाखला मिळाला तरी शंकेची पाल चुकचुकतच होती. २००३ साली जपानी संशोधकांनी पश्चिम जपानातल्या दोन पालींची तुलना केली. एक ही घरपाल. दुसरी 'तावा' नावाची पाल, जी शिकोकू बेट आणि आतला समुद्र ह्यांच्या काठच्या खडकांत राहते आणि जपानाबाहेर कुठेही नाही. तावा पालीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या वस्त्यांमध्ये आनुवंशिक फरक पुष्कळ आढळला. घरपालीमध्ये फार थोडा. आपल्या भाषेत सांगायचे तर जुन्या मुलखात दर बारा कोसांवर बोली बदलते, आणि नव्या वसाहतीत सगळे एकाच वळणाचे बोलतात. तसा हा प्रकार. पुढे २०२२ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पालींच्या आनुवंशिक द्रव्याबरोबर जुने ग्रंथही धुंडाळले होते. निष्कर्ष असा निघाला की ही पाल ख्रिस्तपूर्व काळात चीनमधून जपानच्या पश्चिम भागात आली, आणि नंतर हजारो वर्षांच्या अवधीत, माणसांच्या वस्त्या, शहरे आणि दळणवळण वाढत गेले तसतशी ती पूर्वेकडे सरकत गेली. बहुधा माणसांच्या सामानसुमानातून.

इथपर्यंत माझे आणि भाच्याचे भांडण नाही. शास्त्रज्ञांनी जे शोधले ते मी हात जोडून मान्य करतो. भांडण आहे ते पुढच्या उडीशी. 'ती बाहेरून आली' ह्या वाक्यावरून 'म्हणून तिची काळजी घेऊ नये' ह्या वाक्यावर माझा भाचा एका उडीत गेला. मधली दरी त्याने पाहिलीच नाही. पहिले वाक्य इतिहासाचे आहे, दुसरे न्यायाचे. इतिहासाच्या परीक्षेतले गुण न्यायाच्या परीक्षेत चालत नाहीत.

ज्या काळात ही पाल जपानात आली, साधारण त्याच प्राचीन युगात आशियाच्या मुख्य भूमीवरून तिथे भातशेती आली. लिपी चीनमधून आली. बौद्ध धर्म, जो आपल्या देशात जन्मला, तो चीन-कोरियाची वाट चालून इसवी सनाच्या ६व्या शतकात तिथे पोहोचला. शेवंतीचे फूल, जे जपानच्या राजघराण्याचे चिन्ह आहे, तेही चीनमधूनच आले. आता कोणी उठून म्हणावे की भात जपानी नव्हे, सबब भाताच्या जुन्या वाणांची चिंता करू नका, किंवा शेवंती राजचिन्हावरून खुरपून काढा. त्याला लोक वेड्यात काढतील. मग एका पालीकडेच एवढी कागदपत्रे का मागायची? तिला वकील नाही म्हणून?

बरे, खुद्द कायदाही इतका कठोर नाही. जपानने उपद्रवी परकीय जीवांविरुद्ध जो कायदा केला, तो २००५ साली अमलात आला; आणि त्याचे धोरण ठरवताना त्यांनी मुख्यतः मेइजी युगापासून, म्हणजे सुमारे १८६८ नंतर, बाहेरून आलेल्या जीवांचाच विचार केला. कुठेतरी रेघ मारावी लागते हे त्यांनी ओळखले. इंग्लंडातही असेच. १५०० सालापूर्वी माणसाच्या हातून आलेल्या वनस्पतींना तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ वेगळ्या नावाने ओळखतात, आणि २००५ साली ब्रिटनमधल्या धोक्यातल्या वनस्पतींची जी यादी झाली तिच्यात ह्या जुन्या पाहुण्यांचाही विचार केला गेला. गव्हाच्या शेतातली निळी-तांबडी रानफुले प्राचीन शेतकऱ्यांच्या बियाण्यातून आली आहेत हे ठाऊक असूनही ती नाहीशी होऊ लागली तेव्हा त्यांना हळहळ वाटली. ती हळहळ मला शहाणपणाची वाटते.

आता कोणी म्हणेल, रेघ तरी कुठे मारायची? हजार वर्षे? पाचशे? दीडशे? हाच तर माझा मुद्दा आहे. रेघ निसर्गात नाही, आपल्या हातातल्या खडूत आहे. मी वीस वर्षे फळ्यावर रेघा मारतो आहे. रेघ पुसता येते हे मला फळ्यानेच शिकवले.

दुसरी गोष्ट ह्या 'यादी'ची. माझ्या भाच्याची अशी समजूत दिसली की धोक्यातल्या जीवांच्या यादीत नाव येणे म्हणजे मानपत्र, किंवा निदान रेशनकार्ड. ते फक्त घरच्यांना द्यायचे. मला वाटते, यादी म्हणजे हजेरीपट. वर्गात एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही की मास्तराने चौकशी करायची असते. तो ह्याच गावात जन्मला की तिसऱ्या तालुक्यात, हा प्रश्न त्या चौकशीत येत नाही. जुनी लाकडी घरे, त्यांच्या फटी, वळचणी ही ह्या पालीची बिऱ्हाडे. ती घरे पाडून जिथे गुळगुळीत बंद भिंतींच्या इमारती उभ्या राहतात, तिथे तिने अंडी चिकटवावीत कुठे? पाल दिसेनाशी झाली ह्याचा अर्थ घर बदलले, अंगण बदलले, दिव्याखालचे किडेही बदलले. हजेरीपटावरचे हे नाव खोडले म्हणून गैरहजेरी संपत नाही. फक्त ती लिहायची राहते.

इथे विरुद्ध पक्षाचा सगळ्यांत बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. ते म्हणतील, मास्तर, पैसा आणि माणसे थोडी आहेत. तुमच्या घरपालीवर खर्च केला तर त्या खडकातल्या तावा पालीच्या तोंडचा घास जाईल. आणि ती तर खरी जपानी. मान्य आहे. निवड करण्याची वेळच आली तर आधी तावा पाल, असे मीही म्हणेन. जपानच्या राष्ट्रीय यादीत घरपालीला नाही पण तावा पालीला जागा आहे, हे योग्यच झाले. परंतु माझे कारण वेगळे आहे. तावा पाल 'मूळची' आहे म्हणून तिला प्राधान्य नव्हे. तिला जगात दुसरे घरच नाही, म्हणून प्राधान्य. घरपाल जपानातून गेली तरी चीनमध्ये राहील. साऱ्या जगाचा हिशेब धरला तर तिला आज मोठा धोका नाही असेच तज्ज्ञ मानतात. तावा पाल त्या किनाऱ्यावरून गेली तर पृथ्वीवरूनच गेली. हा गरजेचा हिशेब झाला, कुळाचा नव्हे. दोन्ही हिशेबांचे उत्तर इथे एकच येते म्हणून दोन्ही रीती एकच आहेत असे कोणी समजू नये. गणितात चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाला मी पुढच्या गणिताला सांभाळून राहा म्हणतो.

आणि पुढचे गणित आपल्याच घरचे आहे, म्हणून ते सांगतो. रात्री 'चुक चुक' करणारी आपल्याकडची जी एक घरपाल आहे, ती दक्षिण आणि आग्नेय आशियाची मूळ रहिवासी. म्हणजे जन्मदाखला अगदी चोख! पण हीच पाल माणसाच्या जहाजांतून जगभर गेली, आणि मॉरिशस बेटावर तिने काय केले? तिथे तिथल्याच लहान, रात्रिंचर पालींच्या काही जाती होत्या. आपली पाल त्यांच्यापेक्षा दांडगी. तिने त्यांना चांगल्या लपणीच्या जागांवरून हुसकले. आज त्या बिचाऱ्या मुख्य बेटाच्या आसपासच्या चिमुकल्या बेटांवर तेवढ्या उरल्या आहेत. त्याच मॉरिशसमध्ये १८३४पासून करारावर गेलेल्या मजुरांत आपली कोकणातली माणसेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तिथे मराठी म्हणून ओळखली जातात, गणपती बसवतात. त्यांनी तिथे उसाच्या मळ्यांत हाडे झिजवली आणि ते बेट आपले केले. एकाच समुद्रावरून माणूसही गेला आणि पालही गेली. दोघेही उपरे. पण एकाने काय केले आणि दुसरीने काय केले, हे पाहिल्याशिवाय दोघांना एकच शिक्का कसा मारता येईल?

तेव्हा 'बाहेरून आलेले सगळेच बिचारे गरीब' असा माझा भाबडा पक्ष नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर १९८०च्या दशकात आग्नेय आशियातला एक साप पोहोचला, आणि त्यानंतर तिथल्या सरड्या-पालींची दाणादाण उडाली. लिस्टरची पाल म्हणून जी इवलीशी जात जगात फक्त त्या बेटावर होती, ती आता रानात उरली नाही. पिंजऱ्यात जपून वाढवलेली तेवढी शिल्लक आहे. आपल्याकडचे गाजर गवत पाहा. १९५०च्या दशकात पुण्यात ते प्रथम नोंदले गेले, आणि आज कोणता बांध, कोणता रस्ता त्याच्यावाचून मोकळा आहे? माणसांना खाज, गुरांना अपाय, पिकाला मार. अशा पाहुण्याला हाकलायला मी केरसुणी घेऊन सौभाग्यवतीच्या पुढे उभा राहीन. पण का? तो मेक्सिकोच्या बाजूचा आहे म्हणून नव्हे. तो दुसऱ्याला जगू देत नाही म्हणून. त्याच बाजूचा झेंडू मी दसऱ्याला दाराला बांधतोच की!

झेंडूवरून आठवले. आपण 'मूळ' शब्दावर फार रागाने बोलू लागलो की मला उपवासाची खिचडी डोळ्यांपुढे येते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, त्यातले शेंगदाणे तिकडलेच, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची अमेरिकेतलीच. चातुर्मासात ज्या सोवळ्या पानात परान्न वर्ज्य, त्या पानात हे सगळे सुखाने नांदते. कोकणाचा काजू ब्राझीलचा. हापूस आंबा मात्र इथला. पण त्याचे नाव एका पोर्तुगीजाचे! आणि पेरू तर बिचारा आपले गाव नावातच सांगतो. ह्यांपैकी कोणालाही आपण दाखला मागितला नाही, कारण ते आपल्या जिभेला आवडले. म्हणजे आपण ज्याला 'मुळाचा प्रश्न' म्हणतो, तो पुष्कळदा आवडीनिवडीचा प्रश्न असतो. आवडले की आपले. नावडते झाले की परके.

कधीकधी प्रश्न खरोखर अवघड असतो, हेही कबूल करतो. जपानातच एक कासव आहे. कालपरवापर्यंत ते तिथलेच समजत. अलीकडे अभ्यासांती दिसून आले की ते दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोरिया-चीनच्या बाजूने आलेले असावे. आता हे कासव त्याच्या मूळ मुलखात इतके मारले गेले की जगाच्या यादीत ते धोक्यात आहे. आणि जपानात ते तिथल्या एकमेव ठेवणीच्या तळ्यातल्या कासवाशी संकर करून त्याचे कूळ बिघडवते आहे. एका यादीत 'वाचवा', दुसऱ्या यादीत 'आवरा'. इथे कोणते शास्त्र लावाल? 'परके म्हणून काढा' म्हणणारा एका क्षणात निकाल देईल आणि जगातला एक दुर्मीळ जीव आणखी दुर्मीळ करील. 'सगळेच आपले' म्हणणारा हात बांधून बसेल आणि दुसरे कासव घालवील. शहाण्याला तळ्यागणिक जाऊन पाहावे लागेल: इथे कोण कोणाला त्रास देते, कोणाला हलवता येईल, कोणाला दुसरी जागा आहे. हे काम कंटाळवाणे आहे. जन्मदाखला पाहणे सोपे आहे. आपण दाखला मागतो त्याचे खरे कारण हेच आहे, अशी माझी समजूत होत चालली आहे.

वाचक म्हणतील, मास्तर एका पालीसाठी एवढे का तापले? आता ते सांगतो. कारण न सांगता हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या गावाबाहेर नदीकाठी विटांच्या भट्ट्या आहेत. दिवाळी झाली की डोंगराकडून माणसे येतात, पाऊस तोंडावर आला की परत जातात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक मुलगा माझ्या वर्गात येऊन बसू लागला. नाव पटावर नव्हते. कचेरीत जन्माचा दाखला मागितला होता आणि तो त्याच्या बापाजवळ नव्हता. खरे म्हणजे २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये. पण कायदा कपाटात असतो आणि दाखला टेबलावर लागतो. पोरगा मागच्या भिंतीशी बसे. अक्षर गोल होते.

एके दिवशी 'माझे गाव' हा निबंध होता. मी एकेकाला उभे करून विचारत होतो, तू कुठला? त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "इथलाच, सर. भट्टीवरचा."

वर्ग हसला. आणि मीही हसलो.

त्यात विनोद काय होता ते मला आजवर सांगता आलेले नाही. त्याच्या आईने त्याला त्याच भट्टीवर जन्म दिला होता, हे मला नंतर कळले. नऊ वर्षे, दर वर्षाचे सहासात महिने, तो ह्याच नदीचे पाणी प्यायला होता. माझ्या घराच्या नव्या भिंतीतल्या विटा त्याच भट्टीच्या. आणि मी? मी ह्या गावात नोकरीसाठी आलो तेव्हा बाविशीचा होतो. माझा जन्म घाटाच्या पलीकडचा. मला कोणी हसले नाही, कारण माझ्याजवळ कागद होता. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मीही चौकशीला गेलो नाही. त्याचे नाव पटावर नव्हते ना. गैरहजेरी मांडायची कुठे?

माणूस म्हणजे पाल नव्हे, हे मला समजते. कोणी असा अर्थ काढू नये की मी भट्टीवरच्या माणसांना पालीच्या ओळीत बसवतो आहे. ओळ त्यांची नाही. ओळ आपल्या प्रश्नाची आहे. 'तू कुठला?' हा प्रश्न आपण चौकशी म्हणून विचारतो, की जबाबदारी झटकायची सोय म्हणून, एवढेच मला विचारायचे आहे. पालीला विचारलेला तो प्रश्न निरुपद्रवी वाटतो, कारण पाल उत्तर देत नाही. पण जिभेला एकदा सवय लागली की ती समोर कोण आहे हे पाहत नाही. फराळाच्या बशीवर 'परक्या जनावराला कशाला संरक्षण' असे भाचा म्हणाला, तेव्हा मला मागच्या भिंतीजवळची ती रिकामी जागा दिसली. म्हणून मी तापलो.

तेव्हा तात्पर्य काढायचेच तर असे काढतो. जीव कोठून आला हे शास्त्रज्ञांनी अवश्य शोधावे. तो आनंदाचा आणि उपयोगाचा शोध आहे. परंतु त्याची काळजी घ्यायची की नाही हे ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. तो दुसऱ्याच्या जगण्यावर उठला आहे काय? त्याला दुसरीकडे घर आहे काय? आणि तो इथून नाहीसा होत असेल तर त्यात आपला हात आहे काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर चौथा प्रश्न, 'तू मूळचा कुठला', हा खुशाल गप्पांसाठी ठेवावा. यामोरीच्या बाबतीत मला मिळालेली उत्तरे अशी: मॉरिशससारखा उत्पात तिने जपानी घरात केलेला नाही, दुसरीकडे घर आहे, म्हणून तिला तावा पालीच्या मागे उभे करा, आणि ती जिथे कमी होते आहे तिथे घरे पाडणारा हात माणसाचा आहे, म्हणून यादीतले नाव राहू द्या. एखाद्या बेटावर ती उद्या दुसऱ्या पालीला छळू लागली, तर त्या बेटावरून तिला जरूर उचला. त्याच पालीला एका ठिकाणी राखणे आणि दुसऱ्या ठिकाणी आवरणे ह्यात मला कसलीही विसंगती दिसत नाही. मीही एकाच मुलाला मराठीच्या तासाला शाबासकी देतो आणि मधल्या सुटीत कान धरतो.

ह्या वर्षी भाचा पुन्हा येणार आहे. साफसफाई सुरू झाली आहे. घड्याळामागे पुन्हा एक पाल आहे. तिची शेपटी थोडी आखूड आणि वेगळ्या रंगाची दिसते, तेव्हा ती गेल्या वर्षीचीच असावी. सौभाग्यवतीने ह्या खेपेला घड्याळ खाली न उतरवता वरच्यावर पुसले. का, असे मी विचारले नाही. विचारले असते तर केरसुणी माझ्याकडे वळली असती.

दिवाळी उलटली की भट्ट्या पेटतील. हजेरीपटाची एक कोरी वही मी विकत आणून ठेवली आहे. ती घेऊन ह्या वर्षी नदीकाठी जायचे ठरवले आहे. तो मुलगा आता बारा वर्षांचा असेल. कदाचित भेटणारही नाही. त्याच्या पाठची भावंडे तरी असतील.

आणि भाच्याला म्हणावे, चकल्या भरपूर केल्या आहेत. गेल्या वर्षी तू बोललास तेव्हा चकली माझ्या तोंडात होती. ह्या वर्षी ती आधी तुझ्या तोंडात जाईल, आणि मग मी बोलायला सुरुवात करीन.